उंटवाल्याचा मुलूख

१९३८ साली मेलबर्नच्या फाइन आर्ट सोसायटीच्या गॅलरीत ४१ जलरंगचित्रांचं प्रदर्शन लागलं आणि तीन दिवसांत एकूण एक चित्र विकलं गेलं. सगळी चित्रं एकाच मुलखाची होती. ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यातलं कोरडं, डोंगराळ वाळवंट. तांबडे कडे, त्यांच्यामागे जांभळ्या रांगा, वाळूनं भरलेलं नदीचं पात्र आणि पुढ्यात पांढऱ्या खोडाचं एखादं झाड. चित्रं घेणारे लोक समुद्रकाठच्या शहरांत राहणारे. देशाचा हा भाग त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला होता. डोंगर कुठं इतका जांभळा असतो का, असं विचारणारे पुढेही बरीच वर्षं भेटत राहिले.

असतो. मॅकडॉनेल डोंगररांगेच्या खडकात लोह आहे. ते हवेनं गंजतं आणि कडे तांबडे होतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो तांबडा पेटतो आणि दूरच्या रांगांवर हवेचा निळा थर चढला की त्याचाच जांभळा होतो. मुंबई-पुण्याच्या धुरकट हवेत वाढलेल्या डोळ्यांना ही चित्रं पहिल्या भेटीत भडकच वाटतात. मग त्या भागाचे फोटो पाहावेत. चित्रकारानं हात सैल सोडलेला नाही, उलट आखडताच घेतला आहे, हे लगेच ध्यानात येतं.

हा चित्रकार, अल्बर्ट नामाजिरा, दोनच वर्षांपूर्वी उंट हाकत होता. सुरुवातीच्या चित्रांवर तो नुसती ‘अल्बर्ट’ अशी सही करी. या प्रदर्शनाच्या सुमारास तिला वडिलांचं नाव जोडलं गेलं. पुढच्या वीस वर्षांत ते नाव ऑस्ट्रेलियात सर्वतोमुखी झालं. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टांगल्या गेल्या. आणि ज्या डोंगरांची चित्रं देशभर चालली होती, त्याच डोंगरांच्या परिसरात चार जनावरं चारायला रान आणि राहायला घर मिळवण्याची त्याची धडपड दर वेळी सरकारी टेबलावर अडून बसली. एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच काळात या दोन्ही गोष्टी घडल्या. म्हणूनच मला तो चित्रकारांच्या यादीतला आणखी एक मानकरी वाटत नाही.

०००

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर हर्मन्सबर्ग आहे. १८७७ साली जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी फिंक नदीकाठी ही वसाहत वसवली. दक्षिणेतून मेंढ्या, गुरं आणि गाड्या घेऊन निघालेल्या त्या लोकांना इथं पोचायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. मुलूख अरंडा या आदिवासी लोकांचा. फिंकला ते लारापिंटा म्हणतात. जगातल्या अतिप्राचीन नद्यांमध्ये तिची गणना होते, पण बारमाही पाणी तिला नाही. वर्षातला बहुतेक काळ पात्र म्हणजे वाळूचा पट्टा आणि मधूनमधून डोह.

याच वसाहतीत २८ जुलै १९०२ रोजी एलेया नावाचा मुलगा जन्मला. १९०५ मध्ये आईवडिलांबरोबर त्याचाही बाप्तिस्मा झाला आणि तो अल्बर्ट झाला. मिशनच्या रिवाजाप्रमाणे मुलं आईवडिलांपासून वेगळ्या वसतिगृहात राहात. तिथं बायबल आणि अक्षरओळख. पण तेरा वर्षांचा झाल्यावर त्याला वडीलधाऱ्यांनी सहा महिने रानात नेलं. कोणता पूर्वज कुठून आला, कुठं थांबला, कोणत्या खडकात विसावला, कोणत्या जागेला कुणी जायचं आणि कुणी नाही, ही दीक्षा त्याला तिथं मिळाली. त्याची दोन्ही शिक्षणं पुरी झालेली होती, हे पुढचं सगळं वाचताना विसरू नये. टीकाकार ते विसरले.

अठराव्या वर्षी इल्कालिता नावाच्या मुलीबरोबर तो पळून गेला. ती शेजारच्या जमातीतली, आणि अरंडांच्या नातेव्यवस्थेत हे लग्न न बसणारं. तीन वर्षांनी जोडपं परत आलं. तिचा बाप्तिस्मा होऊन ती रुबिना झाली. संसार वाढत गेला आणि अल्बर्ट मिळेल ते काम करत राहिला. लोहारकी, सुतारकी, गुरं राखणं, आणि उंट हाकणं.

या उंटांशी आपलाही थोडा संबंध आहे. ऑस्ट्रेलियात उंट मूळचा नाही. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी मोठा तांडा कराची बंदरातून मेलबर्नला गेला, १८६६ साली शंभरावर उंटांचा आणखी एक तांडा कराचीहूनच पोर्ट ऑगस्टाला उतरला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे सरकारी दप्तरात ते उंट मुंबई इलाख्यातून निघाले. त्यांच्याबरोबर गेलेले बलुची, पंजाबी, सिंधी, पठाण असे सगळे तिथं सरसकट ‘अफगाण’ ठरले. १९२९ मध्ये रेल्वे अ‍ॅलिस स्प्रिंग्जपर्यंत पोचेस्तोवर त्या वाळवंटातली मालवाहतूक मुख्यतः उंटांच्या पाठीवर होती. हर्मन्सबर्गला तर त्यानंतरही.

विसाव्या शतकाच्या विशीतली शेवटची वर्षं दुष्काळात गेली. ताजा भाजीपाला नाही, स्कर्व्हीनं माणसं पोखरलेली. मिशनमधली कितीतरी लहान मुलं दगावली. मिशनचे पास्टर अल्ब्रेख्त काही मैलांवरच्या कापोरिल्या झऱ्याचं पाणी नळानं आणण्याची योजना घेऊन फिरत होते, पण सरकार पैसे देईना. १९३३ मध्ये व्हायोलेट टीग ही मेलबर्नची चित्रकर्ती बहिणीबरोबर तिथं आली. परत जाऊन या दोघी बहिणींनी चित्रांचं प्रदर्शन भरवलं, वर्गणी जमवली, आणि १९३५ मध्ये नळ आला. चित्रांतून पाणी येऊ शकतं हे हर्मन्सबर्गनं अल्बर्टच्या आधी पाहिलं होतं.

०००

रेक्स बॅटरबी हा व्हिक्टोरियातल्या वार्नाम्बूलचा माणूस. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जबर जखमी झाला, एक हात कायमचा अधू झाला, बरीच वर्षं इस्पितळांत गेली. शेतीचं काम आता जमणार नाही म्हणून तो चित्रांकडे वळला आणि एका मित्राबरोबर मोटारीतून देश रंगवत हिंडू लागला. १९३४ मध्ये त्या दोघांनी हर्मन्सबर्गमध्येच आपल्या चित्रांचं प्रदर्शन लावलं. पाहायला मिशनमधली आणि आसपासची अरंडा माणसं आली. आपले डोंगर कागदावर कुणीतरी उतरवले आहेत आणि ते ओळखता येतात, याचं त्यांना अप्रूप वाटलं. अल्बर्ट तोवर लाकडावर तापल्या तारेनं नक्षी डागायचा, बूमरँग आणि फळ्या विकायचा. या चित्रांना किती पैसे मिळतात याची त्यानं चौकशी केली, असं सांगतात. प्रश्न रास्त होता. घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती.

१९३६ मध्ये बॅटरबी पुन्हा आला तेव्हा सौदा ठरला. अल्बर्टनं उंट सांभाळायचे, पाणवठे दाखवायचे, तळ ठोकायचा, आणि बॅटरबीनं त्याला रंग शिकवायचे. महिना-महिनाभराच्या दोन सफरी झाल्या, एक पाम व्हॅलीकडे आणि दुसरी मॅकडॉनेल रांगांत. एकूण आठ आठवडे. चित्रकलेचं औपचारिक म्हणावं असं त्याचं शिक्षण एवढंच. पंधरवड्यातच बॅटरबीला वाटू लागलं की रंगाच्या बाबतीत या माणसाला आपण आणखी काही शिकवण्याजोगं उरलेलं नाही. हे त्यानं मोकळेपणानं कबूल केलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅडलेडमधल्या स्वतःच्या प्रदर्शनात त्यानं अल्बर्टची तीन चित्रं लावली.

या सफरींत कोण कुणाचा गुरू, याचा हिशेब मला नेहमी अपुरा मांडलेला वाटतो. रंग कसे मिसळायचे हे एकाला माहीत होतं. कुठं उभं राहायचं, कोणत्या घळीत ऊन कधी शिरतं, कोणता कडा नुसता कडा नाही, हे दुसऱ्याला. निसर्गचित्राचं अर्धं काम जागा निवडण्यातच होतं, हे कुठल्याही जलरंगवाल्याला विचारा.

वाळवंटात जलरंग हे मुळात आडमुठं माध्यम आहे. हवेत ओल नाही. कागदावर पाण्याचा हात फिरवला की तो वाळूनच जातो. ओल्या रंगात दुसरा ओला रंग सोडून कडा विरघळवायची सवड मिळत नाही. त्यामुळे पातळ थर वाळू द्यायचा आणि त्यावर दुसरा चढवायचा, असंच काम करावं लागतं. नामाजिराच्या चित्रांतल्या कड्यांच्या रेघा धारदार दिसतात, लांबचा डोंगरही धूसर न होता जागच्या जागी उभा राहतो. त्यामागे स्वभाव आहे तशी ती कोरडी हवाही आहे. पाणी तर उंटावरून वाहून आणलेलं, ते रंगाच्या वाटीत ओतायचं की चहाच्या टोपात, हा रोजचा प्रश्न.

पाम व्हॅलीचं एक आडवळणाचं प्रकरण इथं सांगितलंच पाहिजे. या घळीत लाल कोंबाचे ताड आहेत. त्यांचे जवळचे भाईबंद थेट हजारभर किलोमीटर उत्तरेला. दमट युगाचा हा उरलेला अवशेष, अशी वनस्पतिशास्त्रज्ञांची खात्री होती. १८९४ मध्ये हर्मन्सबर्गचे मिशनरी कार्ल स्ट्रेलो यांनी अरंडांकडून एक कथा टिपून ठेवली होती. तिच्यात देवांनी ताडाचं बी उत्तरेकडून आणलं असं होतं. २०१२ मध्ये झाडांचा जनुकीय अभ्यास झाला आणि दोन्हीकडचे ताड सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत एकच होते, म्हणजे शास्त्रज्ञ समजत होते त्याच्या कितीतरी अलीकडे, असं निघालं. बी माणसांनी नेलं असण्याची शक्यता आता गांभीर्यानं मांडली जाते. अल्बर्टनं पाम व्हॅली पुन्हा पुन्हा रंगवली. ती रंगवताना त्याला त्या ताडांची कुळकथा माहीत होती आणि चित्र विकत घेणाऱ्याला नव्हती. त्याच्या सगळ्याच चित्रांबद्दल हे म्हणता येतं.

०००

१९३९ मध्ये अ‍ॅडलेडच्या सरकारी संग्रहालयानं त्याचं हास्ट्स ब्लफचं चित्र घेतलं. त्यानंतर मात्र मोठ्या कलासंग्रहालयांनी बराच काळ त्याच्याकडे पाठ फिरवली. गिऱ्हाइकांची रांग वाढत गेली तसतशी समीक्षकांची नाकं मुरडत गेली. आक्षेप दोन बाजूंनी होता. आधुनिकतावाद्यांना ही कालबाह्य इंग्रजी निसर्गचित्रं वाटत. आदिम कलेचे चाहते म्हणत, या माणसानं स्वतःचं सोडून गोऱ्यांची नक्कल केली. त्याच्याच गावच्या ऑटो पारेरूल्जाच्या चित्रांत डोंगर लाटांसारखे वळतात, म्हणून त्यात ‘अस्सल’ काहीतरी सापडे. अल्बर्टच्या शांत, नेमक्या डोंगरात ते सापडेना.

आपल्याला हा वाद नवा नाही. जे. जे.तून निघालेल्या कित्येक पिढ्यांनी हेच इंग्रजी जलरंगाचं घराणं आपलंसं केलं, आणि ‘परक्यांचं अनुकरण’ हा शिक्का त्यांनीही सोसला. पण सह्याद्री रंगवणाऱ्या आपल्या चित्रकारांना निदान तो डोंगर तुझा नाही असं कुणी सांगितलं नव्हतं.

चित्रं नीट पाहिली तर नक्कल हा शब्द फार वेळ टिकत नाही. इंग्रजी निसर्गचित्र डोळ्याला हाताला धरून नेतं. पुढे सावली, मध्ये वाट किंवा पाणी, लांब उजेड. नामाजिरा पुष्कळदा ही वाटच काढून टाकतो. पुढे झाड आणि मागे डोंगर, मधलं मैदान दाबून चिंचोळं केलेलं. लांबचा कडाही त्याच लक्षानं, त्याच बारकाईनं रंगवलेला. घोस्ट गम या झाडाचं खोड आपल्या जंगलातल्या भुत्यासारखं, कांडोळासारखं, दुपारीही चांदणं पडल्यागत पांढरं. ते झाड तो शोभेची चौकट म्हणून कोपऱ्यात ठेवत नाही. काही चित्रांत तर शेंडा कागदाबाहेर गेलेला असतो आणि सालीवरची प्रत्येक सुरकुती, गाठ, फांदी तुटल्याची खूण माणसाच्या तसबिरीसारखी निरखलेली असते. र्वेच्येप्मे, म्हणजे गोऱ्यांचा माउंट सोंडर, निजलेल्या बाईसारखा दिसणारा डोंगर. त्याची चित्रं एकमेकांशेजारी ठेवली तर एकाच माणसाकडे आयुष्यभर पाहात राहिल्याचा भास होतो.

आणि माणसं जवळजवळ नाहीतच. गोऱ्या चित्रकारांच्या रिकाम्या ऑस्ट्रेलियाला एक अर्थ होता. जमीन कुणाचीच नाही, या कायदेशीर कल्पनेला तो सोयीचा होता, आणि ती कल्पना तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढायला १९९२ साल उजाडलं. अल्बर्टचा देखावाही तितकाच निर्मनुष्य, पण त्याच्या लेखी तो रिकामा नव्हता. पूर्वज तिथंच होते, डोंगर होऊन. ते गुपित मात्र त्यानं उघडं केलं नाही. दीक्षेत मिळालेली चिन्हं तो कागदावर आणत नाही, नुसती जागा दाखवतो. २००२ मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्तानं अ‍ॅलिसन फ्रेंच यांनी कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी त्याचं मोठं प्रदर्शन उभं केलं, तेव्हा कुठं ही चित्रं त्याच्या मुलखाशी जोडून गंभीरपणे पाहिली गेली. शिक्का पुसायला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

०००

पैसा येऊ लागला तसे वाटेकरीही आले. अरंडा रिवाजात मिळकत एकट्याची नसते. मुलगे, सुना, भाचे, त्यांचे सोयरे, सगळा गोतावळा त्याच्या कुंचल्यावर जगत होता. एनॉस, ऑस्कर, इवाल्ड, कीथ, मॉरिस हे मुलगेही रंगवू लागले. १९४४ मध्ये त्याचं नाव ‘हूज हू इन ऑस्ट्रेलिया’त छापलं गेलं. आयकर खात्यानंही त्याला शोधून काढलं. मत देण्याचा हक्क नव्हता, कर भरण्याचं कर्तव्य होतं.

१९४९-५० मध्ये त्यानं मुलांसाठी गुरं पाळायला कुरणाचा परवाना मागितला. मिळाला नाही. १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये जागा घेऊन घर बांधायचं ठरवलं. परवानगी नाकारली गेली, कारण अंधार पडल्यावर आदिवासींनी गावात थांबायचं नाही असा नियम होता. मग तो गावाबाहेरच्या मॉरिस सोकच्या ओढ्यात पालं ठोकून राहिला. त्याची चित्रं विकत घ्यायला येणाऱ्या प्रवाशांच्या मोटारी तिथं थांबत.

१९५३ मध्ये त्याला राणीच्या राज्यारोहणाचं पदक मिळालं, १९५४ मध्ये कॅनबेरात दुसऱ्या एलिझाबेथ राणीशी भेट घडवली गेली. १९५६ मध्ये विल्यम डार्गी या गोऱ्या चित्रकारानं रंगवलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला देशातलं मानाचं आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं. चेहरा इतका ओळखीचा झाल्यावर त्या चेहऱ्याच्या मालकाला पालकत्वाखाली ठेवणं सरकारलाच अवघड जाऊ लागलं. १९५७ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या तिथल्या प्रांतातल्या हजारो आदिवासींची नावं ‘पाल्य’ म्हणून एका नोंदवहीत चढवली गेली. त्यातून अल्बर्ट आणि रुबिनाची नावं वगळली. आता त्यांना मत होतं, कुठंही राहता येत होतं, दारू विकत घेता येत होती. मुलांची नावं मात्र वहीत राहिली.

कायद्याच्या कलमात हे नीटनेटकं दिसतं. घरात कसं दिसत असेल पाहा. बाप नागरिक, मुलगे पाल्य. बापानं आणलेली बाटली मुलानं तोंडाला लावली तर बाप गुन्हेगार. आणि आपल्या ताटातलं वाटून न खाणं हा अरंडांच्या कायद्यात गुन्हा. १९५८ मध्ये वस्तीत एका बाईचा खून झाला, दारूचा विषय पेटला, आणि नात्यातल्या एका चित्रकाराला दारू पुरवल्याच्या आरोपावरून नामाजिराला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. देशभर ओरड झाली. अपिलात शिक्षा तीन महिन्यांवर आली, सर्वोच्च न्यायालयानं पुढे दाद दिली नाही. तुरुंगाऐवजी पापुन्या या सरकारी वसाहतीत त्याला ठेवलं गेलं आणि दोन महिन्यांनी, मे १९५९ मध्ये, सोडलं. त्यानंतर त्यानं फारसं रंगवलं नाही. तब्येत ढासळली. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या इस्पितळात बॅटरबी भेटायला आला तेव्हा अल्बर्टनं त्याच्या हाती तीन नवी निसर्गचित्रं ठेवली आणि आणखी देईन म्हणाला. ८ ऑगस्ट १९५९ रोजी तो वारला. वय ५७. मागे सुमारे २००० चित्रं.

०००

पापुन्यातच १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शाळामास्तरच्या प्रोत्साहनानं म्हाताऱ्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर आणि फळ्यांवर आपल्या पूर्वजांच्या वाटा रंगवायला सुरुवात केली. त्यातून ठिपक्यांची ती जगप्रसिद्ध चित्रशैली निघाली. तिच्यात समीक्षकांना हवं असलेलं ‘अस्सल’ ठासून भरलेलं होतं आणि जलरंगवाले आणखी मागे पडले. वास्तविक आदिवासी माणूस चित्रकार म्हणून पोट भरू शकतो, ही वाट अल्बर्टनं आधीच पाडून ठेवली होती. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत जमीनहक्काचा कायदा झाला आणि १९८२ मध्ये हर्मन्सबर्गची मिशनची जमीन अरंडांना परत मिळाली.

चित्रांचं काय झालं, हे प्रकरण जमिनीइतकंच बोलकं आहे. १९५७ मध्ये लेजंड प्रेस या सिडनीच्या प्रकाशन कंपनीशी करार झाला होता. छपाईचे हक्क कंपनीला, चित्रकाराला साडेबारा टक्के मानधन. मृत्यूनंतर त्याची मिळकत सरकारी विश्वस्ताकडे गेली. १९८३ मध्ये त्या विश्वस्तानं सगळ्या चित्रांचा स्वामित्वहक्क त्याच कंपनीला ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकून टाकला. वारसांना विचारलं नाही. मानधनही थांबलं. आता आजोबांचं चित्र पुस्तकात छापायचं तरी नातवंडांना परवानगी मागावी लागणार होती.

नातवंडं गप्प बसली नाहीत. नाटक झालं, माहितीपट झाला, वकील उभे राहिले. अखेर २०१७ मध्ये डिक स्मिथ या उद्योजकानं मध्यस्थी केली आणि कंपनीनं एका डॉलरला हक्क नामाजिरा कुटुंबाच्या विश्वस्त निधीला परत दिले. स्मिथनं स्वतः निधीला अडीच लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी नॉर्दर्न टेरिटरी सरकारनंही नुकसानभरपाई दिली.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या इल्ट्या न्टर्रा या कलाकेंद्रात त्याची नातवंडं आणि पतवंडं आजही जलरंगात तेच डोंगर रंगवतात. पणतू व्हिन्सेंट नामाजिरा वेगळ्या वाटेनं गेला. तो माणसं रंगवतो, वेडीवाकडी, टोचणारी. २०२० मध्ये आर्चिबाल्ड पारितोषिक मिळवणारा तो पहिला आदिवासी चित्रकार ठरला. पणजोबाला हे पारितोषिक दुसऱ्याच्या चित्रात बसून मिळालं होतं. २०२४ मध्ये त्यानं रंगवलेलं आपलं चित्र भिंतीवरून उतरवावं असा आग्रह जीना राइनहार्ट यांनी धरला. त्या ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत श्रीमंत व्यक्ती, आणि त्यांची संपत्ती जमिनीखालच्या लोहखनिजातून आलेली. राष्ट्रीय संग्रहालयानं चित्र उतरवलं नाही.

अल्बर्टच्या चित्रांचे हक्क मात्र घरात फार काळ राहणार नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. म्हणजे ३१ डिसेंबर २०२९ ला तो संपेल आणि त्यानंतर हवं त्याला ते डोंगर छापता येतील. कुटुंबाच्या वाट्याला एकूण बारा वर्षं आली.